देवाला न चालणारी फुलं

हुबळीत नर्सरी चालवायची तर एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते. गिऱ्हाइकाला बाग नको असते. त्याला शेजाऱ्याच्या फाटकातून दिसेल असं काहीतरी हिरवं हवं असतं, आणि ते शेजाऱ्याकडे नसलेलं हवं असतं. बाकी माती, पाणी, ऊन या किरकोळ गोष्टी आमच्यासारख्यांनी बघून घ्यायच्या.

माझी नर्सरी उणकल तळ्याच्या अलीकडे, धारवाडला जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. आमचे हे रेल्वेत. बदली होईल या भीतीनं त्यांनी जागा घेऊन ठेवली आणि खर्च होईल या भीतीनं तिच्यावर घर बांधलं नाही, म्हणून मी तिथे रोपं लावली. सत्तरच्या दशकात मराठी घरातली बाई शेणखताच्या पाट्या उतरवून घेते म्हणजे नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय, असं लोक धरून चालत. आमच्या ह्यांची विचारपूस करायला माणसं यायची आणि जाताना मोगऱ्याचं रोप फुकट मागायची. मला सगळे ‘अक्का’ म्हणत. भाव पाडायचा असला की ‘अक्काऽऽ’ असं लांबवून.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. गोकुळ रोडवर ज्यांचा कारखाना होता असे एक गृहस्थ आले. म्हणाले, “अक्का, बंगल्यापुढे फुलं भरपूर पाहिजेत. पण माशी एक येता कामा नये. मिसेस घाबरतात.” मी म्हटलं, “साहेब, मग प्लास्टिकची लावा.” चेष्टा केली हो. त्यांनी खरंच आणली. वर महिन्याभरानं मला बोलावून विचारलं, की ही आठवड्यातून किती वेळा पुसायची.

असल्या लोकांना क्रोटन, मयूरपंखी आणि लॉन विकून मी संसाराला हातभार लावला. खोटं कशाला बोलू? लॉनवर माझी दोन पोरं शिकली. पण लॉन ही काय चीज आहे ते एकदा सांगून टाकते. ते गवत आहे. गाईला चारायचं नाही, देवाला वाहायचं नाही, बी धरू द्यायचं नाही. हुबळीच्या मे महिन्यात नळाला घागरभर पाणी नसताना त्याला मात्र दोन वेळा आंघोळ घालायची, आणि पोरांनी पाय ठेवला की आतून ओरडायचं.

तर माझ्या नर्सरीपासून मागे एक सरळ गल्ली जात होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी नवी वसाहत उठत होती. शिक्षक, वकील, बँकेतले, सरकारी नोकरीतले. आधी तिथे निर्गुडी, कोरांटी, करंजाची झुडपं, बोरी असलं रान होतं. ते बुलडोझर फिरवून साफ केलं आणि त्याला ‘डेव्हलपमेंट’ म्हणाले. गल्लीच्या पार टोकाला देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांचे दोन प्लॉट मोकळे पडले होते. त्या प्लॉटवर गंगव्वा भाजी पिकवायची.

गंगव्वा अळणावरकडच्या एका खेड्यातली. नवरा गेला, तशी मुलीला घेऊन उणकलमध्ये एका खोलीत येऊन राहिली. डॉक्टरांनी तिला प्लॉट कसायला दिले, त्यात त्यांचा हिशेब सरळ होता. जागेवर कुणी झोपडी टाकत नाही आणि घरी ताजी भाजी येते. तिचाही हिशेब सरळ होता. हे प्लॉट गेले की भावाच्या घरी परत जायचं, आणि तिथे वहिनी ताटात भाकरी वाढताना हात कसा आखडते ते तिनं एकदा बघितलेलं होतं. पोरगी शाळेत जात होती. भावाच्या गावात मुलींनी चौथीपुढे काय करायचं असतं, ते गावानंच ठरवून ठेवलं होतं.

एके दिवशी ती माझ्याकडे आली आणि पदरातून मूठभर पिवळी पडलेली, बोराएवढी भोपळ्याची पिल्लं बाकावर ओतली. म्हणाली, “अक्का, हू बरताव, काई निल्लंगिल्ल.” फुलं येतात, पण फळ टिकत नाही. काकडीचं तेच, कारल्याचं तेच. तिनं बी बदललं होतं, राख टाकली होती, वेलाला जुनी चप्पलसुद्धा बांधली होती. आदल्या वर्षीही असंच झालं होतं, आणि आता डॉक्टर म्हणाले होते, “येत्या पाडव्यापर्यंत बघतो. वेल धरले तर ठीक, नाहीतर कंपाऊंड घालून टाकतो. नुसती पानं दिसली की जागा बेवारशी वाटते.”

मी जाऊन बघितलं. वेल कसले सुंदर होते! पानं ताटाएवढी. दोष मातीचा नव्हता आणि दृष्टीचा तर अजिबात नव्हता. ज्यांनी भोपळा फक्त फोडणीत बघितलाय त्यांच्यासाठी सांगते. भोपळ्याच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादीच्या बुडाशी चिमुकला भोपळा आधीच तयार असतो. पहाटे फुलं उघडतात आणि उन्हं चढली की मिटतात. तेवढ्या वेळात कुणीतरी नराचा पराग मादीकडे पोचवला तर भोपळा, नाहीतर गळून खाली. हे पोचवायचं काम मधमाशी करते आणि त्याचा गाजावाजा करत नाही. आम्ही दोघी सकाळभर वेलांत बसलो. फुलं उघडली, मिटली. एक मुंगळा तेवढा आला, तो वाट चुकून.

हातानं पराग लावता येतो. भोपळ्याला आम्ही लावलाही. पण काकडीचं फूल नखाएवढं आणि वेलावर शेकडो. एका सकाळीत गंगव्वाची कंबर गेली आणि माझं डोकं गेलं. बाईमाणसानं माशीचं काम करायचं, मग माशीनं काय करायचं?

माश्या होत्या की. तळ्याकाठच्या जुन्या करंजांच्या ढोलीत सातेरी मधमाशीची पोळी होती, मी रोज बघायची. पण तिथून गंगव्वाच्या वेलांपर्यंत मधे काय? लॉन, क्रोटन, मयूरपंखी, पुन्हा लॉन. वाटेत चहाची टपरीसुद्धा नाही अशा रस्त्यानं कोण कशाला जाईल? आणि तो रस्ता असा बोडका करण्यात माझा धंदा पुढे होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून ठरवलं, की तळ्यापासून प्लॉटपर्यंत घरटी काहीतरी आपल्या मातीतलं, फुलणारं लावायचं. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. एका घराची बाग दुसऱ्या घराच्या बागेला लागली पाहिजे, मधे खंड नको.

आता हे लोकांना सांगायचं कसं? “मधमाश्यांसाठी झाड लावा” असं मी पहिल्याच घरी बोलले, तर त्या वकीलसाहेबांनी फाटक लावून घेतलं आणि आतून विचारलं, “चावल्या तर जबाबदार कोण?” तेव्हापासून मी मधमाशीचं नाव टाकलं. आयुष्यात पुन्हा एकही झाड मधमाशीच्या नावानं विकलं नाही. ज्यांचे गुडघे दुखत त्यांना निर्गुडी दिली. खोकल्याला अडुळसा. सुनेला कढीपत्ता, कारण सासू म्हणे एकेक पान मोजून द्यायची. बँकेतल्या मॅनेजरला शेवगा दिला आणि कशासाठी ते त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी दोन नेले. कोरांटी, तेरडा, गोकर्ण, तुळस, जास्वंद देवासाठी म्हणून घरोघर खपली. पावसाळा संपता संपता गल्ली अशी फुलली, की मी स्वतःवरच खूष झाले.

आणि तिथेच फसले.

आमच्या धारवाड-हुबळीकडची एक जुनी रीत आहे. देवाला फुलं वाहायची ती दुसऱ्याच्या आवारातली. स्वतःच्या झाडाची फुलं शोभेला. पहाटे अंधार असतानाच स्वेटर, मफलर चढवून, वायरची पिशवी आणि आकडी लावलेली काठी घेऊन सभ्य माणसं बाहेर पडतात आणि लोकांच्या भिंतीवरून हात घालतात. कुणी पाहिलं तर “वाकिंगला आलो होतो” म्हणायचं. आमच्या गल्लीत या पंथाचे प्रमुख होते निवृत्त हेडमास्तर कुलकर्णी. त्यांनी आयुष्यभर पोरांना ‘चोरी करू नये’ हे शुद्धलेखनाला घातलं. उजाडायच्या आत हा मनुष्य गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक कळी शिल्लक ठेवायचा नाही. त्यांच्या मागून बाकीचे. माश्या उन्हं आल्यावर उठतात. त्यांच्या वाट्याला देठ.

मी एकदा पहाटेच नर्सरीच्या भिंतीशी उभी राहिले आणि त्यांना धरलं.

“मास्तर, निम्मी तरी ठेवा हो झाडावर.”

“ठेवली तर माश्या बसतात.”

“बसू देत की!”

“अहो, माशी बसली की फूल उष्टं होतं,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर आम्ही एवढ्या थंडीत उठतो. हौस आहे का आम्हाला?”

“मग तुमच्या पंचामृतात मध घालता तो कुठून येतो? नळाला येतो का?”

मला वाटलं, जिंकले. मास्तरांनी काठीनं माझी जास्वंदीची फांदी शांतपणे खाली ओढली आणि म्हणाले, “मधाचं वेगळं आहे. तो शास्त्राला चालतो.”

शास्त्रापुढे काय बोलणार, कप्पाळ! घरी आले आणि चहाचं आधण ठेवून बसले. ह्यांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “देव आणि माशी यांच्यात भांडण लागलंय आणि देवाच्या बाजूला हेडमास्तर आहेत.” हे कांदा चिरत होते, रविवारचं पिठलं त्यांच्याकडे असायचं. डोळे पुसत म्हणाले, “मग देवाला नको असेल असलं काहीतरी लाव.” हे असं अधूनमधून कामाचं बोलत. त्यांच्या हातातल्या कांद्याकडे मी बघत राहिले.

कांद्याचं फूल कुणी पाहिलंय का तुम्ही? पांढराशुभ्र चेंडू, त्यात बारीक फुलं खच्चून भरलेली, आणि माश्या त्यावर अशा तुटून पडतात की बघत राहावं. आणि महत्त्वाचं म्हणजे, अख्ख्या धारवाड जिल्ह्यात कांद्याचं फूल देवाला वाहणारा माईचा लाल जन्माला आलेला नाही. गंगव्वाला सांगितलं तर तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. पण दुसऱ्याच दिवशी अमरगोळच्या मार्केट यार्डात गेली आणि कोंब फुटले म्हणून टाकून दिलेल्या कांद्यांचं पोतं डोक्यावर घेऊन आली. दिवाळीनंतर आम्ही दोघींनी गल्लीच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक घराच्या भिंतीच्या बाहेर, गटारालगत कांदे लावले. भिंतींच्या आत धने आणि शेपू टाकले, बायकांना म्हटलं फुलावर जाऊ द्या, बी घरचं होईल.

पहिली तोफ गल्लीतल्या पद्मक्कांनी डागली. त्यांच्या घरी कांदा-लसणीचं नावसुद्धा संध्याकाळनंतर घेत नसत. फाटकात उभ्या राहून त्यांनी कपाळाला हात लावला. “अय्य! उळ्ळागड्डी, नम्म मनी मुंद?” कांदा, आमच्या घरापुढे?

“पद्मक्का, तुमच्या भिंतीबाहेर आहे. बाहेर कार्पोरेशनची हद्द. कार्पोरेशनला सोवळं नसतं.”

“वास आत येतो.”

“वासाला मी समज देते.”

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ते दिवस फार सुखाचे गेले. वसाहतीच्या मीटिंगमध्ये माझ्याविरुद्ध ठराव आला, की या बाई सभ्य वस्तीचा मळा करत आहेत. ठराव चहा येईपर्यंत चालला. चहाबरोबर कांदाभजी आली, आणि पद्मक्कांचे यजमान सोडून कुणाला पुढे बोलता येईना.

माघात कांद्याला दांडे आले आणि शिवरात्रीच्या आसपास चेंडू फुटले. त्याच वेळी शेवगा फुलला होता, कोथिंबिरीवर पांढरी झूल आली होती. गंगव्वानं उन्हाळी वेल विहिरीच्या पाण्यावर धरले होते आणि त्यांनाही फुलं येत होती. मास्तर रोजच्याप्रमाणे पहाटे आले. जास्वंद नेली, कोरांटी नेली, गोकर्ण नेली. कांद्यापाशी आले, वाकून वास घेतला, धोतर सावरलं आणि पुढे गेले. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच या गृहस्थानं एखादं फूल झाडावर सोडलं असेल.

उन्हं आली आणि माश्या आल्या. तळ्याकडून आधी दोन-चार, मग गल्लीभर. या चेंडूवरून त्या चेंडूवर, शेवग्यावर, भिंतीआड शेपूवर, करत करत पार टोकापर्यंत. गंगव्वाची पोरगी धावत नर्सरीत आली, “अक्का, अव्वानं बोलावलंय!” मी गेले. भोपळ्याच्या एका फुलात सातेरी पाठीपर्यंत पिवळी होऊन लोळत होती. गंगव्वा तिथे उकिडवी बसली होती, हात जोडून. मला आधी हसू आलं, आणि मग मीही तिच्या शेजारी उकिडवी बसले.

पुढच्या आठवड्यात पिल्लं टिकली. मी बोट करून मोजायला गेले तर गंगव्वा ओरडली, “अक्का! बोट नको!” कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं म्हणतात. मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई, पण सांगते, त्यानंतर सगळे भोपळे मूठ वळून दाखवले. धोका कशाला घ्या! पाडवा येईपर्यंत काकड्या टोपल्यांनी निघत होत्या. भोपळे मांडीएवढे झाले होते. मास्तरांच्या व्हरांड्यावर मी मधुमेहासाठी लावून दिलेल्या कारलीला पहिल्यांदाच कारली धरली होती आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. पद्मक्कांचं शेपूचं बी बरणीभर झालं होतं. माझ्याशी त्या अजून बोलत नव्हत्या, पण बरणी खिडकीत मला दिसेल अशी ठेवली होती.

पाडव्याला सकाळीच डॉक्टरांची गाडी आली. बरोबर एक कंत्राटदार. गल्लीतली माणसं गुढ्या उभारून नव्या कपड्यांत दारात उभी होतीच. गंगव्वानं सगळ्यात मोठा भोपळा काढून कमरेवर घेतला होता, मूल घ्यावं तसा. मी तिच्या शेजारी उभी राहिले. म्हटलं, आता बघा म्हणावं.

डॉक्टरांनी बघितलं. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. “वा! वा! काय जमीन आहे हो! मला कल्पनाच नव्हती.” मग कंत्राटदाराकडे वळून म्हणाले, “कंपाऊंड वगैरे राहू दे. आपण घरच बांधू या. एवढा कस असेल तर लॉन काय छान येईल!” आणि मला म्हणाले, “अक्का, लॉनचं काम तुमच्याकडेच बरं का.”

माणूस वाईट नव्हता. त्याची जागा, त्याचं घर, त्यानं कुठे बांधावं हे सांगणारी मी कोण? पण संताप संताप झाला. वेल धरले नाहीत तर ती जाणार होती, आणि आता धरले म्हणून जाणार होती. गंगव्वानं भोपळा गाडीत नेऊन ठेवला. “बरं, साहेब,” एवढंच म्हणाली. मग काकड्यांची टोपली उचलायला वाकली ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.

गाडी गेली. आणि कुलकर्णी मास्तर, देवपूजा अर्धी टाकून आलेले, कपाळाला ओलं गंध, आपल्या फाटकाची कडी काढून उभे राहिले. “गंगव्वा,” त्यांनी वर्गात हाक मारावी तशी हाक मारली, “आमच्या कारलीच्या शेजारी अंगणभर जागा रिकामी आहे. मला ते गवत कापणं आता होत नाही. काकडी लाव. मला रोज एक दे, बाकी तुझी.”

वकीलसाहेबांच्या बायकोनं नवऱ्याकडे न बघताच सांगितलं, की आमचीही मागची बाजू आहे. मग बँकेतले मॅनेजर. मग त्यांच्या पलीकडचे. पद्मक्का अखेर फाटकात आल्या, आणि कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघून बोलल्या, “तिला सांगा, कांदा सोडून काय पण लावू दे.”

मी उभ्या उभ्या रडले. पाडव्याच्या दिवशी, नव्या साडीवर, रस्त्यात. लोकांना वाटलं, लॉनचं काम मिळालं म्हणून.

डॉक्टरांचं घर वर्षभरात झालं. लॉन मीच लावलं, आणि भाव असा सांगितला की कंत्राटदारानं दोनदा विचारलं. तोवर गंगव्वाचं शेत अख्ख्या गल्लीत पसरलं होतं. या भिंतीवर पडवळ, त्या गच्चीवर भोपळा, पद्मक्कांच्या तुळशीमागे दोडका. पहाटे मास्तर फुलं चोरत, सकाळी गंगव्वा भाजी तोडे, आणि मधल्या वेळात माश्या आपलं काम करत. पोरगी मॅट्रिक झाली, पुढे धारवाडला शिक्षिकेच्या कोर्सला गेली. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत शेजारच्या दोन वसाहतींनी मला बोलावून विचारलं, की आमच्याकडे असं करता येईल का. मी म्हटलं, येईल, आधी कांदे लावा. त्यांना वाटलं, अक्का चेष्टा करते.

आणि डॉक्टरीणबाई. स्वभावानं गरीब, पण त्या गुळगुळीत हिरवळीवर खुर्ची टाकून एकट्याच बसायच्या. आजूबाजूच्या सगळ्या भिंती वेलांनी भरलेल्या आणि त्यांचीच भिंत बोडकी. एका सकाळी मी डॉक्टरांकडे लॉनला खत द्यायला गेले होते, तेव्हा गंगव्वा टोपली घेऊन फाटकावरून चालली होती. बाईंनी खुर्चीतूनच हाक मारली, “गंगव्वा, एखादा वेल आमच्याकडे पण लाव की गं. इथली जमीन फार चांगली आहे म्हणतात.”

गंगव्वानं टोपली खाली ठेवली. फाटकातून आत ती हिरवळ एकदा नीट बघून घेतली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“लावते की, बाईसाहेब,” ती म्हणाली. “पण आधी ते गवत काढून घ्या.”